दोन ठिकाणचा दत्तू

भुताखेतांच्या गोष्टी मी आवडीने ऐकतो, पण सांगणाऱ्याची मनातल्या मनात उलटतपासणी घेत. किती अंतरावरून पाहिलंत? उजेड किती होता? पोटात काय होतं? जन्मभर वकिली केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार! माझा असल्या प्रकारांवर तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. म्हणूनच हा अनुभव मला जास्त छळतो. विश्वास असता तर 'काहीतरी बाहेरचं असेल' म्हणून हात जोडून मोकळा झालो असतो.

संस्थान विलीन व्हायच्या आधीचा शेवटचा हिवाळा. तेव्हा खुनाचं अपीलसुद्धा कोल्हापुरातच चालायचं. मी नवाकोरा वकील, दादासाहेबांचा ज्युनियर. आमचा पक्षकार दत्तू हा गुळव्या होता, म्हणजे गुऱ्हाळावर रस आटवून गूळ करणारा. अंगाने पैलवान, कान मोडलेले. पाण्याच्या पाळीवरून भावकीत भांडण झालं आणि त्याचा चुलतभाऊ किसन भर दुपारी विहिरीपाशी कुऱ्हाडीने मारला गेला. किसनची आई सारजाकाकू भाकरी घेऊन निघाली होती. तिने दत्तूला कुऱ्हाड उगारताना पाहिलं. तिच्या एका साक्षीवर दत्तूला फाशी झाली होती.

आमचा बचाव एकच, अॅलिबाय. दत्तू त्या वेळी दोन मैलांवर, पंचगंगेच्या पुलापलीकडे पन्हाळ्याच्या वाटेवरच्या गुऱ्हाळावर उकळत्या रसाच्या काहिलीपाशी उभा होता. गुऱ्हाळ ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटेल. रस आटत आला की गुळव्याला तिथून हलता येत नाही. नजर चुकली की गूळ करपतो आणि आख्खं आधण वाया जातं. मालक आणि चार गडी शपथेवर सांगत होते. पण गडी मालकाचे आणि मालक दत्तूचा दोस्त! खालच्या कोर्टाने त्यांना मोडीत काढलं.

त्याच खालच्या कोर्टात सारजाकाकूचा क्रॉस दादासाहेबांनी घेतला तेव्हा मी त्यांच्या मागेच बसलो होतो.

"मोडक्या कानावरून ओळखलंत ना? बाई, निम्म्या कोल्हापूरचे कान मोडलेले आहेत!"

कोर्टात हशा पिकला. म्हातारी हसली नाही. "कानावरनं न्हाय, साहेब. तोंडावरनं. आई मेल्यावर ह्याला मीच न्हाऊमाखू घातलंय. मला कळंना व्हय?"

मला तेव्हा वाटलं, काय सराईत खोटं बोलते ही बाई!

अपिलाच्या तयारीसाठी दादासाहेबांनी मला गुऱ्हाळ बघून यायला पाठवलं. सायकल मारत गेलो. हंगाम ऐन भरात होता. मालक म्हणाला, "बसा पावणं, रस घ्या." गुऱ्हाळावर आलेल्याला नाही म्हणायची सोयच नसते. दोन पेले रस पोटात गेला. समोर काहिलीतून वाफ उठत होती.

आणि वाफेच्या पलीकडे दत्तू उभा होता.

लांब दांड्याचं फावडं रसातून फिरवत होता. त्याने बाहीने कपाळ पुसलं, माझ्याकडे पाहिलं आणि ओळखीची मान हलवली. जेलात मी त्याला पाच-सहा वेळा भेटलो होतो. चुकण्याचा प्रश्नच नव्हता. आता घ्या माझी उलटतपासणी! अंतर चार हात, उजेड भर दुपारचा, पोटात उसाचा रस.

"अहो, हा इथं कसा?" मी ओरडलोच.

"कोण वो?" मालकाने विचारलं.

मी पुन्हा पाहिलं. फावडं धरून एक लुकडा, दाढीवाला माणूस उभा होता. नवा गुळव्या. चिखलीचा, मालक म्हणाला.

मी तिथून सायकल दामटली ती थेट जेलवर. फाशीच्या कोठडीबाहेर पहारेकरी तंबाखू मळत बसला होता. आत दत्तू गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. "काय वकीलसाहेब, तारीख लागली व्हय?" त्याने विचारलं. पहारेकऱ्याला विचारलं, हा बाहेर गेला होता का? तो माझ्याकडे बघतच राहिला. "फाशीचा कैदी भाईर? कुटं जाईल वो त्यो? रंकाळ्यावर हवा खायला?"

दादासाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उन्हातून आलायस. ताक पी."

"पण मी खरंच पाहिला! म्हणजे ती म्हातारीही खरं बोलत असेल. माणूस तिथं नसतानाही दिसू शकतो, हेच तर आपल्याला…"

"कोर्टाला सांगू? माझ्या ज्युनियरला फाशीचा कैदी गुऱ्हाळावर दिसला म्हणून? सरकारी वकील म्हणेल, मग पळालाच असेल, पहारेकऱ्यांना आत टाका आधी!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "अरे, माणसाची मान अडकलीय. म्हातारी खोटी ठरली तरच तो सुटेल. तिसरा रस्ता कायद्यात नाही."

माझी इतकी चिडचिड झाली होती! केसमधला सगळ्यात मोठा मुद्दा माझ्या हातात होता आणि तो बोलायची सोय नव्हती. सुनावणीत दादासाहेब तासभर बोलले. भावकीचं वैर, पढवलेली साक्ष, सुडाने आंधळी झालेली बाई. सारजाकाकू मागे भिंतीला टेकून ऐकत होती. मला खुर्चीत बसवत नव्हतं. माझ्या पक्षकाराचा जीव वाचावा असं मनापासून वाटत होतं, आणि तो असा वाचू नये असंही.

निकाल लागला. साक्षीदार बाई विश्वासार्ह नाही, गुऱ्हाळावरच्या लोकांवर अविश्वास दाखवायला कारण नाही, आरोपी निर्दोष.

बाहेर दत्तूच्या तालमीतली पोरं गुलाल घेऊन उभी होती. सारजाकाकूने मला पायरीवरच अडवलं.

"वकीलसाहेब, मी खोटं बोललो व्हय?"

"नाही, काकू. तुम्ही पाहिलं ते पाहिलंच."

"मग त्येनंच मारलं न्हवं?"

"तो गुऱ्हाळावर होता, हेही खरं."

"दोन्ही कसं खरं असंल? शिकल्यालं हाय की तुम्ही. येक कायतरी सांगा!"

मला ते एक काहीतरी तेव्हा सांगता आलं नाही. आजही सांगता येत नाही. किसनला कोणी मारलं हेही कधी कळलं नाही. थकवा, ऊन, भास… सगळी स्पष्टीकरणं मी स्वतःला देऊन पाहिली. माझ्यापुरती चालतातही. पण मग तिला काय झालं होतं?

तेवढ्यात दत्तू गर्दीतून वाट काढत आला आणि सगळ्यांदेखत तिच्या पायावर डोकं ठेवून रडायला लागला. मला वाटलं, ही आता लाथ मारणार. तिने वाकून दोन्ही हातांनी त्याचं तोंड वर केलं आणि निरखून पाहिलं. गालावरून, कपाळावरून बोटं फिरवली.

"काकू, आईशप्पत, मी न्हवतो."

"व्हय रं," ती म्हणाली. "तू न्हवतास."

मग त्याचं तोंड तसंच हातात धरून म्हणाली, "पर तूच हुतास की रं, दत्त्या."