चिमणीच्या शेजारची खुर्ची

कासिल्दा वर्षानुवर्षं माद्रिदच्या एका वर्तमानपत्रात लिहीत होती. मंत्रीसुद्धा तिला वचकून असत. मग कादंबरीसाठी तिने नोकरीवर लाथ मारली. निदान गावात तरी ती असंच सांगायची.

कादंबरी गावावरच होती. कुणी ओळखू येऊ नये म्हणून तिने झाडून सगळ्यांची नावं बदलली, टोपणनावं मात्र गोड वाटली म्हणून तशीच ठेवली. शहाणपणाची कमालच म्हणायची! त्या गावात बाप्तिस्म्याचं नाव पाद्रीबाबांखेरीज कुणाच्या लक्षात असतं? तिला लहानाची मोठी करणाऱ्या उर्सुला मावशीला सारं गाव चिमणीच म्हणायचं.

आणि कादंबरीतल्या चिमणीचा नवरा समुद्रात बुडाला नव्हता. तो अर्जेंटिनात दुसरा संसार थाटून मजेत होता. मावशीने हे एकट्या कासिल्दाला विश्वासाने सांगितलं होतं. गावासाठी ती तरुणपणापासून काळे कपडे घालणारी विधवा होती.

कादंबरी छापून आली, गावाने वाचली, आणि उन्हाळ्यात कासिल्दा गावी आली. ऊन कललं की गल्लीतल्या बायका दारात खुर्च्या टाकून बसतात. दरवर्षी मावशी आपल्या शेजारी तिची खुर्ची मांडायची. यंदा मांडली नाही. कासिल्दा भिंतीला टेकून उभी राहिली, तशा रंगात आलेल्या बायका एकदम टोमॅटोंवर बोलू लागल्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, चुकलं माझं. बोल की गं माझ्याशी."

"काय बोलू बाई? आमचं बोलणं आता दुकानात विकत मिळतं."

बेडकी म्हणतात ती शेजारीण फिस्सकन हसली. मावशी आत गेली आणि खुर्ची आणून तिने गल्लीच्या मधोमध आदळली. "बस. आमचं सगळं सांगून झालं ना तुझं? आता स्वतःचं सांग."

कासिल्दा बसली. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या.

"मी नोकरी सोडली नाही," ती म्हणाली. "त्यांनी मला काढून टाकलं. इथे सांगायची लाज वाटली."



"आणि इतके दिवस ऐटीत मिरवत होतीस?" मावशीने विचारलं.

"हो."

मावशीने आपल्या काळ्या झग्यावरून हात फिरवला. "मी तरी दुसरं काय केलं?"

मग तिने ती खुर्ची आपल्या शेजारी ओढून घेतली. "सरक अशी. आणि बेडके, पुरे तुझे टोमॅटो. पाद्रीबाबांच्या बहिणीचं काय सांगत होतीस मघाशी?"