काहीही नावाची भाजी

संध्याकाळी मंडईत माझ्यापुढे एक बाई हातात वांगं धरून नवऱ्याशी फोनवर बोलत होत्या. "वांगी घेऊ? पण बाबांना सोसत नाहीत. मग मेथी? पोरं तोंडं वाकडी करतील. अहो, काहीही म्हणजे काय? काहीही नावाची भाजी मिळत नाही इथं!"

"ती सकाळीच संपली, ताई," भाजीवाली म्हणाली. "गवार न्या."

आम्ही सगळे हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वांगं ठेवलं, पुन्हा उचललं.

आमच्या कामगार संघटनेच्या पत्रकांत आम्ही राबणाऱ्या हातांबद्दल लिहितो. पण चूल पेटण्याआधीच सुरू होणारी ही धास्ती, घरातल्या प्रत्येक जिभेचा हा धाक, त्याच्याविरुद्ध कुठली घोषणा द्यायची? सगळ्यांनी "काहीही" म्हणायचं, एकटीनं ठरवायचं आणि मुरडलेली नाकंही तिनंच बघायची.

तेवढ्यात आईचा फोन आला. "अरे, रात्रीला काय करू? मला काही सुचतच नाहीये." आवाज अगदी त्या बाईंसारखा. "काहीही" माझ्या ओठांवर आलंच होतं.

"गवार," मी म्हणालो. "मी आणतो. आल्यावर मोडतोही मीच."

आई घाबरून म्हणाली, "बरं वाटत नाहीये का रे तुला?"