पाहुण्यांच्या दिवशीची यादी

समस्त सुजाण वाचकांस जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, कुवेतमधल्या एका भारतीय शाळेतून एका मंगळवारी सकाळी, नऊ वाजून दहा मिनिटांनी, शैक्षणिक समता हरवली. शेवटची दिसली तेव्हा ती गणवेशात होती. एकूण नग सात.

आज मी हे हसत लिहितेय. त्या सकाळी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं.

मी तेव्हा उपमुख्याध्यापिका होते आणि त्या पदावर आणखी एक तुरा खोवला होता, प्रशिक्षकाचा. इथल्या आठ भारतीय शाळांचे मुख्याध्यापक आणि त्यांचे कोच यांना मी शिकवणार होते. कोच म्हणजे क्रिकेटचे नव्हेत. दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात मागे बसून, कोणाला प्रश्न विचारला जातो आणि कोणाला कधीच नाही याची नोंद ठेवणारे आणि मग त्या शिक्षकाला गोड बोलून सुधारणारे शिक्षक. विषय होता, शाळेत प्रत्येक मुलाला सारखी संधी कशी मिळेल. या विषयावर मी इतकं सुंदर बोलत असे की माझं मलाच भरून यायचं.

आणि आमच्याच शाळेत मात्र दर वर्षी गुणांप्रमाणे तुकड्या पडत. 'अ'ला सगळ्यात अनुभवी शिक्षक. 'ड'ला सगळ्यात नवे शिक्षक आणि सगळ्यात जुना एसी. 'ड'मधली मुलं स्वतःची ओळख करून देताना तुकडी सांगायची टाळत. ही तुकडीच बंद करा म्हणून मी शाळेच्या अध्यक्षांच्या मागे लागले होते. ते रुमैथियात राहणारे निवृत्त डॉक्टर, कमी बोलणारे आणि बोललेलं कधी न विसरणारे. ते म्हणाले, मला सिद्धांत नको, पेशंट दाखवा.

म्हणून सातवी 'ड'मधली सात मुलं मी सहा आठवडे सातवी 'अ'मध्ये बसवली. मंगळवारी अध्यक्ष आणि आठ मुख्याध्यापक तो वर्ग पाहणार. पटलं तर नव्या वर्षापासून 'ड' बंद. नाही पटलं तर गुरुवारी तुकड्यांच्या याद्या छापायला जाणार, 'ड'सकट, आणि हे सातजण आपल्या जुन्या एसीखाली परत. त्या सातांना हे ठाऊक होतं. त्यांच्यातल्या एका मुलीने मला आदल्या दिवशी विचारलंही होतं, नवी वही 'अ'ची घेऊ की थांबू. तिचे वडील वफ्र्याच्या शेतांवरून भाजीची गाडी आणतात. गाडीच्या मागच्या टोकावरून पुढे बसलेल्या वडिलांना हाका मारून मारून पोरीचा आवाज असा तयार झाला होता की ती कुजबुजली तरी मधल्या सुट्टीतली कँटीन ओळखायची. मी तिला म्हटलं, थांब. आणि मग घरी जाऊन तीन दिवस पुरेल इतका खबूस, म्हणजे इथली बेकरीतली रोटी, आणला, कारण स्वयंपाक करायची माझी अवस्था नव्हती.

तर मंगळवार. पाहुणे मागच्या भिंतीशी बसले. कोचांच्या हातात वर्गाचा नकाशा, प्रत्येक खुर्चीचा एक चौकोन. गणिताच्या बाईंनी फळ्यावर अपूर्णांक लिहिला. मी सवयीने मुलं मोजली. चौतीस. पुन्हा मोजली. चौतीस. एकेचाळीस हवी होती. सात खुर्च्या मोकळ्या, आणि त्या कोणाच्या हे मला न मोजताही कळलं.

दारात आमच्या आपा उभ्या होत्या. आपा म्हणजे शाळेच्या सुपरवायझर, रत्नागिरीकडच्या, वीस वर्षं या शाळेत. सगळी शाळा त्यांना आपाच म्हणते. त्यांनी मला लांबूनच हाताने खूण केली, सगळं ठीक. तिथेच माझं सगळं बिघडलं. मी बाहेर धावले.

"आपा, माझी सात मुलं?"

"लायब्ररीत बसवलीत. काळजी नको, मॅडम. पाणी दिलंय, पुस्तकं दिलीत, तोंड उघडायचं नाय म्हणून सांगितलंय."

"पण कोणी सांगितलं तुम्हाला?"

आपांनी माझ्याकडे अशा मायेने पाहिलं की अजून आठवलं तरी मान खाली जाते. "तुमीच नाय का शिकवलंत?"

खरं होतं. अकरा वर्षांपूर्वी मी साधी समन्वयक असताना तपासणीला पाहुणे यायचे होते, तेव्हा अडखळणारी मुलं त्या तासापुरती लायब्ररीत पाठवायची शक्कल माझीच. मी पिवळ्या कार्डावर सुबक अक्षरात यादी करून दिली होती. मी ती विसरले आणि पुढे मोठी भाषणं करू लागले. आपा विसरल्या नाहीत. दर पाहुण्याला, दर वर्षी, नवी नावं घालून त्यांनी ती यादी चालवली. आज तर मॅडमची इतकी मोठी परीक्षा. आपांनी माझी लाज राखली होती.

मी म्हटलं, घेऊन या त्यांना, मागच्या दाराने, आत्ता. पण तेवढ्यात आतून एका तरुण कोचाचा आवाज आला. भलता प्रामाणिक मुलगा. त्याने हात वर करून मलाच हाक मारली. मी दारात आले.

"मॅडम, पहिल्या दिवशी तुम्ही सांगितलं होतं, वर्गात शिरल्यावर आधी मोकळ्या खुर्च्या पाहा. तर या सात कोणाच्या?"

तो नियम माझाच. मला त्याचा कोण अभिमान होता.

आणि आठ शाळांना सचोटी शिकवायला निघालेली मी, पापणी न लवता, खोटं बोलले. म्हटलं, कालच्या धुळीने मुलांना खोकला झालाय, म्हणून लायब्ररीत शांत बसवलंय. धूळ खरोखरच उडाली होती, इतपत सत्य त्यात होतं.

अध्यक्ष उठले. "सातही जणांना?" ते म्हणाले. "मग मला बघायला हवं."

डॉक्टरसमोर आजाराचं निमित्त सांगू नये, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. ते निघाले, तसे आठ मुख्याध्यापक निघाले, त्यांच्यामागे वह्या सावरत कोच. वर्गापासून लायब्ररीपर्यंत एक लांब कॉरिडॉर आहे. एरवी तो संपता संपत नाही. त्या दिवशी मी मनात दुसरी थाप जुळवत होते तोवर दार आलंसुद्धा. बाजूने आपा चालल्या होत्या, चेहरा पांढराफटक. त्यांना आत्ता कुठे कळलं होतं की आज या सातांनाच पाहायला सगळे आलेत. त्या हळूच म्हणाल्या, माझ्यावर घाला, मॅडम. त्यानंतर तिसरी थाप सुचायची मला लाज वाटली.

दार मीच उघडलं. सातजण सात खुर्च्यांवर ताठ, पुढ्यात सात पुस्तकं. आम्ही सगळे तिथे उभे राहून खोकल्याची वाट पाहत होतो. कोणी साधं खाकरलंसुद्धा नाही. आणि मग ती भाजीच्या गाडीवाल्यांची मुलगी उभी राहिली. माझ्या मागे कोण आहे हे तिला दिसत नव्हतं, दार पुरतं भरून मी उभी होते. तिने विचारलं, तिच्या त्या आवाजात.

नंतर अध्यक्षांनी ही पद्धत कोणाची म्हणून विचारलं, आणि मी माझी म्हणून सांगितलं.  मग त्यांनी सातजणांना पुढे घालून वर्गात नेलं आणि स्वतः खुर्ची ओढून त्यांच्यामध्ये बसले. त्या मुलीने फळ्यावरचा अपूर्णांक सोडवला, निम्मा चुकीचा, आणि बाईंनी विचारल्यावर स्वतःच दुरुस्त केला. गुरुवारी याद्या छापायला गेल्या त्यात 'ड' नव्हती. पिवळं कार्ड आपांनी मला परत दिलं, ते मी आता प्रत्येक प्रशिक्षणात पहिल्यांदा दाखवते. लोकांना वाटतं, माझ्या भाषणाने तुकडी बंद झाली. मी त्यांचा गैरसमज फार घाईने दूर करत नाही. पण इथे सांगते. भाषण नव्हतं, वर्ग नव्हता, अपूर्णांकही नव्हता. लायब्ररीच्या दारात, आठ मुख्याध्यापकांच्या देखत, ती पोरगी एवढंच म्हणाली होती:

"मॅडम, पाहुणे गेले का?"