गुजराती कोणी सांगितलं

ही गोष्ट आमच्या घरात शंभरदा सांगितली गेली आणि दर वेळी चुकीची सांगितली गेली. खरी मला एकट्याला ठाऊक होती. तिच्यात मी वाईट दिसतो, म्हणून इतकी वर्षं टाळली.

माझी बायको सुरतेत, उधन्याच्या एका अंगणवाडीत तेडागर होती. तेडागर म्हणजे मदतनीस; सकाळी घरोघर जाऊन पोरं गोळा करून आणायची. शिकवायचं मात्र कार्यकर बाईंनी. तिला स्वतःला कार्यकर व्हायचं होतं. त्यासाठी दहावी हवी, आणि वयाची अटही होती. तिच्या हाती एकच वर्ष उरलं होतं.

ओपन स्कूलमधून परीक्षा देता येते, हे तिनेच शोधून काढलं. नंदुरबारच्या भाचीने तिथूनच दहावी केली होती. तिची मराठी पुस्तकं हिने मागवली. पोळ्या लाटता लाटता ती लोकशाहीची वैशिष्ट्यं म्हणायची, आणि एखादं विसरली की पोळी हमखास करपायची. मी तक्रार केली की आमच्या अहिराणीत म्हणायची, "खा ना, शिकेल बाईनी पोळी शे." म्हणजे शिकलेल्या बाईची.

फॉर्म भरायचं काम माझ्याकडे होतं. झेरॉक्सच्या दुकानदाराने विचारलं, "काका, मीडियम कयुं?" सुरतेत चाळीस वर्षं काढली होती, तरी कोणी 'तमे महाराष्ट्रना?' म्हटलं की मला झोंबायचं. मी ऐटीत म्हणालो, "गुजराती ज लखो ने." त्याने लिहिलं. मी छाती काढून घरी आलो.

पुढे इंग्रजीत छापलेलं हॉल तिकीट आलं. त्यावरचा 'गुजराती' शब्द मला वाचता आला, तिला नाही. परीक्षेला तीन आठवडे होते. सेंटरवर जाऊन विचारता आलं असतं, पण आधी घरात चूक कबूल करावी लागली असती. मी मनाची समजूत घातली की बसच्या गुजराती पाट्या वाचते, तशी पेपरही वाचेल. तिकीट तिच्या पर्समध्ये सरकवलं.

पहिल्या पेपरनंतर ती गेटबाहेर आली.

"पेपर गुजरातीमा व्हता."

"मग?"

"अर्धा समजना, अर्धा नही. फारममा काय सांगं व्हतं तुम्ही?"

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "तूच सांगं व्हतं ना, गुजराती लिखा म्हणून."

तिने हॉल तिकीट घडी घालून पर्समध्ये ठेवलं. मग म्हणाली, "मी? सांगं व्हई मंग."

सामाजिक शास्त्र गेलं आणि गृहविज्ञानही गेलं. चौदा माणसांचा स्वयंपाक एकटीने करणारी बाई गृहविज्ञानात नापास, यावर गल्लीभर हसणं झालं. ती सगळ्यांत मोठ्याने हसली. पुढल्या वर्षी मराठीतून बसली आणि पहिल्याच फटक्यात पास झाली. मी घारी आणली, सुरतेची मिठाई. पण वयाची अट तोवर उलटून गेली होती. ती शेवटपर्यंत तेडागरच राहिली.

लग्नात, बारशात ती हा किस्सा रंगवून सांगायची. "मीच येडी, गुजराती सांगी बसनू," म्हणायची, आणि लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचो.

ती निवृत्त झाली तेव्हा अंगणवाडीत चहा आणि खमण ढोकळ्याचा छोटा कार्यक्रम झाला. तिथेही तिने तो सांगितला. मग बायका म्हणाल्या, "काका, आता तुम्ही दोन शब्द बोला." मी उभा राहिलो. वाक्य जिभेवर होतं. ती माझ्याकडे हसत बघत होती. मी म्हणालो, "खमण फार छान झालंय," आणि खाली बसलो. टाळ्या पडल्या.

त्यानंतर ती चार वर्षं होती. दोघंच घरात असायचो, रोज दोन वेळा समोरासमोर जेवायचो. एकदाही जमलं नाही. जे बोलायचं होतं ते एवढंच होतं: गुजराती मी सांगितलं. तू काहीच सांगितलं नव्हतंस. मला माफ कर.