भाऊ नसलेल्या बाईचं गाणं

मागच्या रविवारी पेपरात माझ्या धाकट्या दिराचा फोटो आला. खांद्यापर्यंत केस, गळ्यात गिटार. खाली लिहिलं होतं की याची गाणी मातीतून येतात. मातीतून कुठली? त्यातलं एक तरी सांगलीच्या आमच्या खोलीत, स्टोव्हपाशी बसून झालेलं आहे. ते कसं झालं हे पेपरवाल्याला माहीत नाही, म्हणून मी लिहून ठेवते. दाखवायचं कुणाला नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण लिहिण्याची सवय मी मोडू दिलेली नाही.

नव्वदनंतरची पहिली वर्षं असतील. दीर सांगलीला इंजिनिअरिंग शिकत होता. आमचे मालक फौजेत, काश्मीरकडं. घर आणि ऊस कडेगावजवळ. सासूबाईंनी मला आणि माझ्या लहान मुलीला सांगलीला पाठवलं, दिराला जेवायला करून घालायला. खरं काम त्यांनी गाडीत चढताना सांगितलं.

"केस वाढवल्यात त्यानं. कुणात बसतोय, काय फुकतोय, सगळं ध्यानात ठेव. मी आले की सांगायचं."

"व्हय, आत्याबाई," मी म्हणाले. त्यांच्यापुढं याहून जास्त मी कधी बोललेच नाही.

मी लक्ष ठेवलं. धुवायच्या आधी त्याच्या शर्टांचा वास घ्यायचे. घामाचा यायचा, कधी उदबत्तीचा. उदबत्तीचा आला की जास्त संशय यायचा, कारण तो देवापुढं कधी बसत नव्हता. संध्याकाळी दोन मित्र यायचे. एक पत्र्याच्या डब्यावर बडवायचा, दुसरा जाड तारांचं काहीतरी वाजवायचा. आधी इंग्रजी कॅसेट लावून ऐकायचे आणि मग आपली मराठी गाणी म्हणायचे. दीरच रचायचा. कारखान्याचा भोंगा, रिकामी पाण्याची टाकी, मेसमधली आमटी. मला कळायचं नाही की हे गाणं म्हणायचं कधी. आमच्यात हळद दळताना गाणं असतं, पाळण्याला असतं, पोर सासरी निघाली की असतं. रिकाम्या टाकीसाठी कोण गळा काढेल? यामागं दुसरं काहीतरी आहे, असंच मला वाटत राहिलं.

मग टेपरेकॉर्डर. तो आधी त्याच्या कॉटवर असायचा. एके दिवशी स्वयंपाकाच्या कोपऱ्याजवळ, खोलीत मधे लावलेल्या पडद्याच्या अलीकडं दिसला. दुसऱ्या दिवशीही तिथंच. भाकरी थापताना वळून बघितलं तर त्याचा लाल दिवा लागलेला. शेजारची बाई दुपारी येऊन बसायची आणि तिच्यापाशी मी सासूबाईंविषयी बोललेली होते. दीर ते सगळं टेप करून आईला ऐकवणार, मला खात्रीच वाटली. त्या दिवसापासून मी तोंड मिटलं.

"वहिनी, गप का झालासा?" त्यानं विचारलं.

"काय न्हाई, भावजी. घसा बसलाय."

"मघाशी दारात भांडीवालीशी तर घासाघीस करत हुतासा."

मी भाकरी उलटली.

आता गाण्याचं सांगते. भाकरी करताना मी गुणगुणायचे आणि त्यात माझं एक होतं, मीच जुळवलेलं:

फाट्यावरी लाल गाडी थांबली नि निघून गेली
बंधू माझा न्हाई आला, धूळ तेवढी घरा आली

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. सासरच्या माणसांपुढं त्याची वाट बघतोय असं म्हणणंही बरं दिसत नाही. म्हणून बाया गाण्यात भावाला घालतात. मनात नवरा असतो, तोंडी भाऊ. सगळ्यांना ते माहीत असतं आणि कुणी विचारत नाही. माझं एवढंच की आम्ही तिघी बहिणी, मला भाऊच नाही.

पुढं साताऱ्याला कॉलेजांच्या गाण्याची स्पर्धा होती. सासूबाईंची बहीण साताऱ्यात राहते, म्हणून त्याही आल्या. आम्ही मायलेकीही गेलो. हॉलमध्ये पोरं शिट्ट्या मारत होती. दिरानं डोळे मिटले, गिटारीवर हात मारला आणि म्हणायला लागला, "फाट्यावरी लाल गाडी..."

सुरुवात हळू केली होती, मग मागचा पोरगा ड्रम बडवायला लागला आणि दीर एकच ओळ धरून ओरडत राहिला. बंधू माझा न्हाई आला, बंधू माझा न्हाई आला.

सासूबाई म्हणाल्या, "कुणाच्या बंधूला एवढा बोंबलतोय ह्यो?"

मी वळून बघितलं तर त्यांची नजर स्टेजवर नव्हती, माझ्यावर होती. माझं मलाच कळलं नव्हतं, माझे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

रात्री आम्ही सगळे त्यांच्या बहिणीकडंच राहिलो. सकाळी ती दूध आणायला गेली तेव्हा सासूबाईंनी मला समोर बसवलं.

"काल तोंड हालत हुतं तुझं. गाणं तुझं हाय?"

मी मान हलवली.

"तिघी बहिणी तुमी. तुला भाऊ कुठला गं? कुणाची वाट बघतीस फाट्यावर?"

उत्तर एका शब्दाचं होतं आणि तोच शब्द त्यांच्यापुढं तोंडातून निघेना. मी मान खाली घातली. खाली घातलेल्या मानेचा आमच्याकडं एकच अर्थ करतात.

"खोलीत गडी माणूस एकच. तू रचतीस आन् तो गातोय. पोरगीला घे आन् आजच्या आज घरला चल. तुझ्या मालकाला काय कळवायचं ते मी कळवते."

तिथून पुढची वाट मला दिसत होती. आधी कडेगाव, मग माहेर, आणि मग कुणीच न्यायला येणार नाही.

दीर टॉवेलनं तोंड पुसत बाहेर आला. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"आये, काय बोलतीयास? ते दादासाठी हाय."

"तुला रं काय ठावं?"

"माझ्याजवळ टेप हाय."

"चोरून केलीस?"

"व्हय. वहिनी समोर कुठं गातात?"

त्यानं स्पर्धेसाठी बरोबर आणलेला टेपरेकॉर्डर मधोमध ठेवला आणि बटण दाबलं. स्टोव्हचा सूं सूं आवाज, भाकरीची थाप, माझा बारीक आवाज. गाणं संपलं. मग माझी मुलगी म्हणाली, "आई, मामा कवा येणार?" आणि मी म्हणाले, "मामा न्हाई गं सोन्या, तुझे पप्पा. आजीपुढं त्यांचं गाणं म्हणता येत न्हाई, म्हणून बंधू म्हणायचं."

सासूबाईंचा चेहरा सैल झाला. माझा मात्र घट्ट झाला, कारण पुढचं मला आठवलं. टेपमध्ये कडी वाजली. शेजारीण आत आली. आता मी म्हणणार होते की म्हातारीनं मला दिराच्या पाळतीवर ठेवलंय, आणि त्याच्या पुढचंही बरंच काही.

खट्. दिरानं बटण दाबलं.

"का बंद केलास?"

"संपली, आये."

सासूबाई वाकल्या. "चाकावर तर लय फीत दिसतीया."

"कोरी हाय ती."

त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. म्हणजे त्यानं सगळं ऐकलेलं होतं. मी कशाला आले आहे हे ठाऊक असून तो रोज माझ्या हातचं जेवत होता. ती फीत त्यानं माझ्या भल्यासाठी ठेवली की कधी उपयोगी पडेल म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही. नंतर त्यानं नोकरी केली नाही, पुण्याला गेला, त्याची कॅसेट निघाली. हे गाणं त्यात आहे. नाव कुणाचं घालू, असं त्यानं विचारलं होतं. मी म्हटलं, कुणाचंच नको. त्यानं 'पारंपरिक' छापलं. एवढ्या पटकन ऐकेल असं वाटलं नव्हतं.

टेप ऐकवली त्या दिवशी दुपारी आम्ही साताऱ्याच्या स्टँडवर उभे होतो. सांगलीची गाडी लागली होती. सासूबाईंनी मुलीच्या हातात केळी दिली.

"जा सांगलीला. पोरगीची शाळा बुडवू नको."

मी वाकून पाया पडले. त्यांनी माझा पदर सारखा केला आणि दिराला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "आन् माझ्याबद्दल काय बोलायचं आसंल तर दार लावून बोलत जा. त्याच्या त्या डबड्याचा काय भरवसा."

मग त्यांनी खिडकीतल्या मुलीला हात केला. मला केला नाही.