आपाने फाडून ठेवलेलं कापड

तुमच्या घरातलं भांडखोर म्हातारं माणूस एकाएकी भांडायचं थांबलं, तर तुम्ही काय करता? खरं सांगा. सुटलो, असंच म्हणता ना?

दूर उत्तरेकडच्या डोंगरांत, नारिन नदीच्या वरच्या अंगाच्या एका गावात तोलोगोनही तेच म्हणाला होता. त्याची आई, सायराकान आपा, नमद्याचे, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे, गालिचे करायची. खडूची रेघ न ओढता सुरी चालवायची आणि मेंढ्याच्या शिंगांची नक्षी दोन्ही अंगांनी तंतोतंत जुळायची. जीभही तशीच धारदार. सून बुरुलाय नवी नवरी होऊन आली, तेव्हा तिची शिवण बघून आपाने विचारलं होतं, "हे टाके घातलेस, की कोंबडी चालून गेली?"

चार वर्षांपूर्वी आपाचा उजवा हात थरथरायला लागला. कंपवात, पार्किन्सन, असं डॉक्टर म्हणाले. सुरी सुटली, पावलं आखूड झाली, मग चेहराही हलेनासा झाला. गावाला तो चेहरा आवडला. वयाला शोभेलसा भारदस्तपणा आला, म्हणाले. थंडीच्या तोंडावर आपाने पेटीतलं कापड काढलं आणि बुरुलायला एक टोक धरायला लावून त्याचे तुकडे फाडायला घेतले. मयताला येणाऱ्यांना वाटायचे तुकडे. तिकडे शहाणी बाई आपल्या मरणाची तयारी आपणच करून ठेवते. शेजारणी कौतुक करून गेल्या. बुरुलायलाही आधी अभिमानच वाटला. पण तीन महिन्यांत आपाने तिला एक टोमणा मारला नव्हता. चहात मीठ जास्त पडलं तरी गप्प.

फेब्रुवारीत दवाखान्याची नर्स दमीरा कागद घेऊन आली. कंपवाताच्या प्रत्येक रोग्याला विचारायचे नऊ प्रश्न होते त्यावर: मन उदास असतं का, कशात गोडी वाटते का, झोप कशी, भूक कशी. जेवणाचं दस्तरखान अंथरलेलंच होतं, तिथेच बसून तिने विचारले. घरचा कर्ता मुलगा समोर असताना आईने परक्यापुढे मनातलं काढायचं, म्हणजे मुलाचीच शोभा. म्हणून उत्तरं तोलोगोनने दिली. आईला माझ्या घरात कमी काय आहे, म्हणाला. आपाकडे वळून विचारलं की तिचा एकच शब्द, शुक्र, देवाची कृपा. दमीराने त्रास नाही म्हणून नऊ शून्यं मांडली आणि उठली.

कुत्रा आवरायच्या निमित्ताने बुरुलाय फाटकापर्यंत गेली.

"ताई, तो कागद खोटा आहे."

दमीरा भडकलीच. आत तोंड शिवलं होतं का, म्हणाली. खरं तर नवरा बोलत असताना सून मध्ये बोलत नाही, हे तिलाही ठाऊक. तीही कुणाची सूनच.

"त्या मला बोल लावत नाहीत," बुरुलाय म्हणाली. "तीन महिने झाले."

दमीरा हसायला गेली आणि थबकली.

गुरुवारी तोलोगोन मेंढरं घेऊन बाजाराला गेल्यावर ती परत आली. बुरुलाय उठू लागली तशी आपा म्हणाली, बसू दे तिला, माझी बटणंसुद्धा तीच लावते, तिच्यापासून काय झाकायचं? दमीराने कागदाची घडी घातली आणि शेवटचा प्रश्न आपल्या शब्दांत विचारला. आपा, जगणं नको असं वाटतं का?

आपाचा आवाज आता इतका बारीक झाला होता की दोघींना पुढे सरकावं लागलं.

"कापड झालंय फाडून. पण जमीन गोठलीय. आत्ता गेले तर खणताना पोरांचे हात सोलतील. एप्रिलात मऊ होईल. तेवढीच थांबलेय."

त्या कापडाचा प्रत्येक तुकडा बुरुलायने आपल्या हाताने ताणून धरला होता.

दमीरा त्या दिवशी घरी गेली नाही. तोलोगोन आल्यावर दोघांचं चांगलंच वाजलं. माझी आई वेडी नाही, म्हणाला.

"हात थरथरतो ते वेड आहे का?" दमीरा म्हणाली. "तोच रोग मनात शिरलाय, बाबा."

शनिवारी आपाला जिल्ह्याच्या गावी नेलं. डॉक्टर म्हणाले, ही उदासी पुष्कळदा या रोगाबरोबरच येते, आणि तिच्यावर उपाय आहे. औषध सुरू झालं, तरी आपा ठणठणीत बरी झाली असं नाही. हात तसाच आहे, चेहराही. एप्रिल आला, बर्फ वितळून वाटा चिखलल्या, आणि बुरुलाय महिनाभर आपाच्या उशाशी झोपली. मेमध्ये एका सकाळी आपाने आपण होऊन विचारलं, गुरं वरच्या कुरणात कधी न्यायची?

तुमच्या घरात कुणाचा हात थरथरत असेल, तर नुसत्या गोळ्या देऊन उठू नका. त्याच्या वतीने बोलणाऱ्यांना बाहेर काढा, जवळ बसा आणि मनाचं विचारा. ठीक आहे असं उत्तर आलं, तर पुन्हा विचारा.