बाबा किती उंच होते

बाबा गेले तेव्हा मी आईच्या कडेवर होते. गिरणीतून तापानं फणफणून घरी आले आणि आठवड्यात संपले, एवढंच मला ठाऊक. घरात त्यांचा एकच फोटो होता, धम्मदीक्षा घेतली त्या दिवसांत इतवारीतल्या स्टुडिओत काढलेला. पांढऱ्या लुगड्यातली आई आणि पांढऱ्या कपड्यांतले बाबा, शेजारी शेजारी उभे. आई म्हणायची, "लय उंच होते तुहे बाबा. आपल्या दारातून वाकून येत." ते ऐकून मला एकच ध्यास लागलेला. आज बाबा असते, तर माझं डोकं त्यांच्या कुठपर्यंत पोचलं असतं?

नववीत गुणोत्तर-प्रमाण शिकवलं आणि मला घबाडच सापडलं. फोटोतली आई तर घरातच होती! शेजारच्या शिंपीकाकांचा टेप आणला नि तिला चुलीपासून ओढत भिंतीशी उभं केलं.

"काय करून राहिली वं? भाजी लागते ना खाली!"

"हलू नको."

आई दीडशे सेंटीमीटर भरली. फोटोतली आई पट्टीनं दहा. म्हणजे फोटोतल्या एका सेंटीमीटरला खरे पंधरा. फोटोतले बाबा अकरा. गुणाकार केला, एकशे पासष्ट आले. जेमतेम पाच फूट पाच इंच!

दाराला टेप लावून पाहिला. एवढा माणूस त्यातून खुशाल ताठ मानेनं गेला असता. माझं डोकंच फिरलं.

"वाकून येत म्हणे! काहून खोटं सांगितलं मले?" मी पट्टी आपटली आणि रडूच फुटलं. इतकी वर्षं मनात ज्यांना बाबा म्हणून उभं केलं, ते दुसरेच कुणी होते की काय?

आई क्षणभर फोटोकडे बघत राहिली, मग तोंडाला पदर लावून हसत सुटली. "अवं, मी पाटावर उभी होती! फोटोवाला म्हणे, बाई लय बुटकी दिसते, जोडा शोभत नाही. मंग त्यानं पाट देला. वरून लुगडं सोडलं, झाकून गेला."

"केवढा होता?"

तिनं वीत पसरून अर्ध्यावर बोट ठेवलं. मोजलं, दहा सेंटीमीटर. पाटासकट आई एकशे साठ झाली, म्हणजे एकाला सोळा. बाबा एकशे शहात्तर!

तेवढ्या उंचीवर भिंतीला खडूची रेघ ओढली आणि तिच्याखाली जाऊन उभी राहिले. माझं डोकं बाबांच्या खांद्याशी आलं असतं. हेच तर हवं होतं मला, तरी जीव भरेना.

"सरक वं जराशी," आई म्हणाली. हात लुगड्याला पुसून ती रेघेसमोर उभी राहिली आणि मान वर केली. भाजी करपल्याचा वास घरभर झाला, तरी ती हलली नाही.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "एवढीच मान वर करा लागे मले."